सांध्यांची पाहणी

शेंद्र्याला उतरलो तेव्हा सव्वातीन.
रस्ते सहापदरी, दिव्यांचे खांब हजेरीला उभे,
आणि चिटपाखरू नाही.

लोक इमारत बघतात, मी सांधे बघतो:
काच नि काच यांच्यामधली बोटभर काळी रेघ,
उन्हात दबते, रात्री ताणली जाते.
सातव्या मजल्यावर, पश्चिमेला, सुटलेली.
नोंद केली. फोटो काढला.
फोटोत मीच.

खाली टपरीवर कौसाबाई म्हणाली,
चार वाजले की समदं ऊन इकडंच फेकतंय बघा ते.
दोनदा टपरी हलवली.
तुम्ही कंपनीचेच ना?
जरासं तिकडं वळवता येतंय का त्याला?

चहा संपवला.
शेऱ्याच्या रकान्यात एवढी जागा नसते.
तरी लिहिलं, तिरकं, समासात:
कौसाबाई. चार वाजता.