पळणे

आधी नकाशा उघडला, मग पाकीट.
गंगापूर धरणाच्या काठी तो रिसॉर्ट,
द्राक्षांच्या ओळी थेट बाल्कनीपर्यंत आलेल्या,
दोन रात्री, न्याहारीसह, तेरा हजार आठशे.
खोलीपासून स्टार्ट लाइन नव्वद पावलांवर.
मी हिशेब केला. पावलाला दीडशेच्या वर.
भुसावळला औषधांच्या दुकानात उभी राहणारी बाई मी,
मला पावलाची किंमत कळते.

नणंद इंदिरानगरात.
तिच्याकडे उतरले असते, पण तिच्या हातचं भरीत
दुसऱ्यांदा नाही म्हणता येत नाही,
आणि पहाटे तीनला कडी वाजली की
अख्खं घर उठून विचारणार, या वयात?
पंचवटीतली धर्मशाळा स्वस्त, पण दार पाचला उघडतं.
देवाचं वेळापत्रक वेगळं.

शेवटी सीबीएसजवळचं लॉज. सहाशे रुपये,
गरम पाणी सहा ते आठ.
दगूनानांनी रजिस्टर पुढे सरकवलं.
'येण्याचं कारण' या रकान्यात माझ्या वर
दशक्रिया. कोर्टकाम. कांदा. दशक्रिया. साखरपुडा.
मी लिहिलं, पळणे.
त्यांनी चष्मा कपाळावर नेला.
"कुणापासून?"

आता गाडीचं.
शर्यत सव्वापाचला.
मोबाइलवर त्या वेळेला एकच गाडी दिसते,
तीही फिरत फिरत नाशिकरोडला नाहीशी होते.
पहिली सिटी बस येईपर्यंत निम्मे लोक परतलेले असतील.
आयोजकांना फोन केला, शटल आहे का?
"आहे ना मॅडम. रिसॉर्टच्या पाहुण्यांसाठी."
म्हणजे जे पोचलेलेच आहेत, त्यांना पोचवायला.

दगूनाना किल्ली मोजत म्हणाले,
"पेठ नाक्यावर जा. बागेत तोडीला माणसं जातात.
वाइनची द्राक्षं अंधारातच खुडतात, गार असताना."

तीनला निघाले. अशोकस्तंभ, मग रामवाडीचा पूल,
खाली गोदावरी, कुत्र्यांखेरीज कोणी नाही.
हे किलोमीटर कुठल्याच प्रमाणपत्रात येत नाहीत.

काशिनाथ गांगोड्यांची पिकअप.
अकरा बाया, पाच गडी, रिकामे क्रेट,
डोक्यावरून शाली आणि कपाळाला पट्ट्याची बॅटरी.
माझ्याही कपाळाला तशीच.
यमुना भोये सरकली. "बस इथं.
किती देतात पळायचे?"
देत नाहीत, मी दिले, म्हटलं. अठराशे.
मखमलाबाद येईपर्यंत नुसतं इंजिन बोलत होतं.
मग मागून कुणाला तरी हसू फुटलं,
आणि सगळ्याच हसल्या, मीही.
दात थंडीने वाजत होते की हसण्याने, ठाऊक नाही.
"आम्हाला मुकादम पळू देत नाही," यमुना म्हणाली,
"ओळीत पळलं की घड गळतात."

सातव्या किलोमीटरला डावीकडे दिवे हलताना दिसले.
वाटलं, पुढचे लोक वळसा घेऊन परत येताहेत,
आणि पोटात गोळा आला, एवढी मागे मी?
जवळ गेले तर कात्र्यांची कचकच,
मातीवर क्रेट ठेवल्याचा आवाज.
एक दिवा वर झाला, माझ्यावर आला,
डोळ्यांपुढे पांढरं.
"ओ अठराशे!"
मी हात उंचावला.
घड्याळात तो किलोमीटर सात सेकंद जास्त दाखवतो.
राहू दे.

पदक मिळालं, केळं मिळालं.
मांड्या लाकडाच्या झालेल्या.
हिरवळीवर कुणीतरी विचारलं, कुठल्या विंगमध्ये उतरलात?
सीबीएस, म्हटलं. त्यांना ते विंगचंच नाव वाटलं असावं.

जाण्याचा एवढा विचार केला,
परतीचं काही ठरवलंच नव्हतं.
फाटकावरचा वॉचमन म्हणाला,
तोडीची पिकअप बाराला सुटते.
आत्ता सव्वाआठ.
भिंतीपाशी एक क्रेट पडला होता, तळाला रस वाळलेला.
उलटा केला, बसले,
आणि केळं सोलायला घेतलं.