बावीस अंश

फरवानियात बारा वर्षं मी लोकांची घरं गार करतो.
गच्चीवर चढायचं, कॉम्प्रेसरला कान लावायचा.
बिघाड आधी ऐकू येतो, मग दिसतो.
माझा मात्र मला ऐकू आला नाही.

जूनमध्ये शिडीवरच डावा पाय विसरला
आपण कुणाचे ते.
कसाबसा उतरलो तर डोळ्यांपुढे
दोन सूर्य, दोन टाक्या, दोन उस्ताद हमदी.
दोघंही एकदम म्हणाले, तोंड उघड, वास घेऊ दे.
जिथे दारूचा थेंब विकत मिळत नाही
तिथे मी भर दुपारी झोकांड्या खात होतो,
आणि वास येत नव्हता.
वास नाही म्हणजे नाटक.

मग ते यंत्र, माणसाला ड्रॉवरसारखं आत सरकवणारं.
डॉक्टरांनी पांढरे ठिपके दाखवले,
मल्टिपल स्क्लेरॉसिस म्हणाले.
मी विचारलं, म्हणजे तारांवरचं रबर गेलंय?
ते थांबले. हो, म्हणाले, तसंच.
उंदरानं?
नाही, वॉचमननं. तुमचाच वॉचमन
चोर समजून घरातल्या तारा कुरतडतोय.
आणि ऊन?
ऊन नवा बिघाड करत नाही,
जुना उघडा पाडतं.

दापोलीला फोनवर तहसीननं एवढंच विचारलं,
बघणाऱ्याला कळतं का?
नाही कळत.
मग बोलू नका, व्हिसा लागेपर्यंत.

इन्फ्युजनच्या खोलीत सात खुर्च्या.
लिन्सी सिस्टर कोट्टायमची, एका टोचणीत शीर शोधते
आणि शोधताना जेवलास का विचारते.
शेजारच्या खुर्चीत मुनीरा, निवृत्त शिक्षिका.
इथे शाळेतल्या बाईंना अबला म्हणतात.
माझ्या भाषेत त्याचा अर्थ काय ते मी सांगितलं.
ती इतकी हसली की सलाईनची नळी हलली.
मग म्हणाली, कागद घे.

पहिला कागद अरबीत, प्लास्टिकमध्ये, खिशात ठेवायचा:
मी प्यायलेलो नाही. मला आजार आहे.
सावलीत बसवा, पाणी द्या, घाई करू नका.

दुसरा कंपनीला. छपरावरचं काम नको, वर्कशॉपमधलं द्या,
कान आणि हात अजून पगाराला पुरतील इतके चालतात.
हमदीनं तो दोनदा वाचला, घडी केली, उत्तर दिलं नाही.
सकाळी वर्कशॉपमध्ये एक स्टूल होतं.
काल नव्हतं.

तिसरा हॉस्पिटलला:
या खोलीचा एसी नऊ दिवस बंद आहे.
आमच्यासाठी ती चैन नाही,
औषधाइतकीच गरज आहे.
खाली सहा सह्या आणि एक अंगठा.
अंगठा रोवेनाचा, मनिलाची, बँकेत होती,
शिकलेली आहे, पेन थरथरतं एवढंच.
कारकुनानं अंगठा बघून भुवई वर केली.
मुनीरानं मग त्याला उभ्यानं तास घेतला,
काठीवर रेलून,
आणि तो "जी अबला" म्हणत बसून राहिला नाही, उठला.

अकराव्या दिवशी शिडी घेऊन एक पोरगा आला, सिवानचा.
त्यानं आधी गॅसच्या नळीला हात घातला.
मी खुर्चीतूनच, हातात सुई, ओरडलो,
गॅस नाही रे, कपॅसिटर. कान लाव.
त्यानं कान लावला.
मग माझ्याकडे वळून बघितलं,
पेशंटकडे बघतात तसं नाही.

किती अंशांवर ठेवू?
बावीस, मी म्हणालो.
भिंतीवर लिहून जा, मुनीरा म्हणाली,
पुढे जे येतील त्यांना मागावं लागू नये.

चौथा कागद व्हिसाचा.
पुढचा डोस डिसेंबरात, तारीख त्याआधीची.
त्याला अजून उत्तर नाही.

रात्री तहसीनला आजाराचं पूर्ण नाव सांगितलं.
तिनं ते म्हणून बघितलं,
अडखळली,
परत म्हणाली. नीट.