दहा, एकवीस, चार, दोन

वायफायच्या सगळ्या कमानी भरलेल्या,
आणि पान उघडत नाही.
मग उघडतं. मग तीन मिनिटं नाही.
साफ बंद पडलं असतं तर बरं,
मेलेल्या वस्तूशी कसं वागायचं ते माणसाला ठाऊक असतं.
हे अधूनमधून,
दवाखान्याच्या पायरीवर थांबणाऱ्या दातदुखीसारखं.

केबलवाला रुपेश केणी आला, घणसोली गावातला.
त्याच्यासमोर सगळं शहाण्या बाळासारखं चाललं.
राउटर बंद करून त्याने तीस आकडे मोजले, मोठ्याने,
एकवीसनंतर थेट तेवीस म्हणाला, मी टोकलं नाही.
"लाइन ओके आहे ताई. रोग लॅपटॉपात आहे."
तो जिना उतरेपर्यंत पुन्हा:
सर्व्हर सापडत नाही.

मुलाच्या फोनवर चालतंय.
वरच्या वर्गीसबाईंची मालिका छतातून ऐकू येते,
एकदाही न अडखळता.
माझ्याच लॅपटॉपवर सकाळी जोडलेला कॉल अजून चालू,
न्हावाशेव्याहून पालेकर कंटेनरचे नंबर सांगतोय, खणखणीत,
आणि शेजारच्या खिडकीत त्याच बंदराचं पान
गोल गोल फिरतंय.
जुनी ओळख शाबूत. नवी होत नाही.

रात्री काळी खिडकी उघडली.
नाव दिलं: उत्तर नाही.
आकडे दिले: बारा मिलिसेकंदांत हजर.
म्हणजे रस्ता आहे, दार आहे,
दाराआड माणूसही जागा आहे.
नावावरून घर सांगणारं तेवढं कुणी नाही.

हे आम्हाला समजायला जड नाही.
कॉलनीत आम्ही आकड्यांनी राहतो:
सेक्टर नऊ, ई सत्तावीस, खोली अकरा.
रस्ता ओलांडून गावठाणात शिरलं
की आकडा कुणालाच माहीत नसतो.
रुपेशचं घर कुठलं, म्हटलं
की ओट्यावर सुकट निवडणारी बाई हनुवटीनेच दाखवते.
ती बाई उठून गेली
की घर तिथेच असतं,
आणि सापडत नाही.

तर हा कुणाला विचारतोय, ते पाहिलं.
सेटिंगच्या चौथ्या पायरीवर, हाताने भरलेला,
दहा, एकवीस, चार, दोन.

हा घरातला नाही.
हा महापेचा, दुसरा मजला, एक्स्टेंशन दोनशे चौदा,
तिरोडकरांच्या टेबलाखालची घुमणारी पेटी.
मी रुजू झाले त्या दिवशी त्यांनीच भरला होता,
चष्मा कपाळावर सरकवून, एकेक आकडा उच्चारत.
कंपनी बुडून दोन वर्षं झाली.
शेवटच्या पगाराऐवजी लॅपटॉप मिळाला.
तिथे आता गाद्यांचं गोदाम आहे.
आजवर फोनची तार लावून भागवलं,
वायफाय आलं गेल्या महिन्यात,
आणि त्याला जुनं सगळं आठवलं.

दर नावागणिक हा आधी तिथे जातो.
विचारतो. थांबतो. पुन्हा विचारतो.
मग घरच्या राउटरकडे वळतो,
तोवर पानाचा धीर कधी सुटलेला असतो,
कधी नसतो.
काही नावं त्याला थोडा वेळ पाठ राहतात.
तेवढा वेळ मला वाटायचं, बरा झाला.

पुसण्याआधी, सकाळी, फोन लावला.
तिरोडकर आता कुडाळला, कोकमाचं आगळ करतात.
मागे कोंबड्यांचा कालवा.
मला नाव सांगावं लागलं नाही.
"अजून तोच आकडो आसा काय थंय?"
खूप वेळ हसले. "काढून टाक गो."

काढला.
दुपारच्या आत पालेकरचे चार कंटेनर मार्गी लागले.

आगळाच्या दोन बाटल्या पाठवतो म्हणाले, पत्ता सांग.
मी सांगितला,
आणि ते लिहून घेत राहिले, मोठ्याने,
नऊ,
सत्तावीस,
अकरा.