चौदा दिवस

रात्री दोन वाजता मी खोकले मोजते.
सात नंबरच्या खोलीत दोन,
बाथरूमकडच्या टोकाला एक, लांबलचक,
थंड पडलेल्या रिक्षाला किक मारावी तसा,
आणि शेजारच्या कॉटवर शिवलीला,
तोंडावर उशी दाबून खोकते
माझी झोप मोडू नये म्हणून.

टिळकवाडीतल्या या हॉस्टेलात
सोमवारी एकटी आजारी होती.
आज मेसमध्ये सतरा ताटं पालथी.
कल्लव्वा मावशी मिऱ्याचं सार घेऊन खोल्याखोल्यांतून फिरतात,
"कुडी, कुडी" म्हणतात.
त्यांच्याकडे कुडी म्हणजे पी.
माझ्याकडे कुडी म्हणजे हेच,
जे तापतंय, दुखतंय.

जिन्यापाशी नोटीस: लसिके.
खाली कुणीतरी पेनानं लिहिलंय: लस.
एवढ्याशा अंतरावरून
आमच्या जिल्ह्यात बसच्या काचा फुटल्यात.

नंदगडहून बाबांचा फोन.
"घेऊ नको बघ ते इंजेक्शन.
यल्लाप्पाच्या पोरग्याचा हात आठ दिस वर उठला नव्हता."
मग आईनं फोन ओढला,
"शनिवारी येतीस न्हवं? बाळ आता हसायलंय."
वहिनीचं बाळ. चाळीस दिवसांचं.
टाळू अजून लुकलुकते त्याची.
मी तिथंच ओठ टेकवते, दर वेळी.

सकाळी रीडिंग रूममध्ये रांग.
शिवलीलाला अंगात ताप, तिला परत पाठवलं,
उतरल्यावर ये म्हणाल्या.
ती गेली नाही. खिडकीबाहेर उभी राहिली,
मास्क, शाल, पायात माझ्या चपला.
सिस्टरनी आधी कन्नडात नाव विचारलं, मग मराठीत,
मग नुसतीच बाही वर केली.
खिडकीतून आवाज आला, घोगरा:
"हेदरबेडा."
भिऊ नको, मी मनात म्हटलं,
जसं काही मला भाषांतर लागणारच होतं.

गुण यायला चौदा दिवस लागतात म्हणे.
शनिवार चार दिवसांवर.
"इंटर्नल आहेत," मी घरी सांगितलं.
बाबा थोडा वेळ गप्प.
"बरं. अभ्यास कर. जेव वेळेवर."
खोटं बोलताना डावा हात
खांद्यापासून जड होत गेला.

आता त्या कुशीवर झोपता येत नाही,
म्हणून तोंड शिवलीलाकडे.
सात नंबरात एक. कोपऱ्यात...
कोपऱ्यातला आलाच नाही.
किंवा मधेच मला डोळा लागला.