आरसा

नेआफूच्या धक्क्यावरून केलेपी थेट दवाखान्यात आला.
टाचेत शिंपल्याचा तुकडा,
चार दिवसांचा.
त्याला पत्ताच नव्हता.
मी चिमटा लावला, तर तो खिडकीबाहेर बघत राहिला.

तहान लागते, एवढंच म्हणाला.
रात्री पाचदा उठतात, हे बायकोनं सांगितलं.

बोटातलं रक्त आज सकाळचं बोलतं,
दंडातलं तीन महिने मागं जातं:
नाताळ, मेहुणीचं लग्न,
दर रविवारी चर्च सुटल्यावरची पंगत,
न्यूझीलंडहून आलेलं चरबीचं मटण,
जे तिकडे कुणी ताटात घेत नाही.
अकरा टक्के.

"आईलाही होतं," तो म्हणाला,
जमिनीचा वाटा मिळाल्यासारखा.

इन्शुलिन आहे रे अंगात,
पण पेशी दार उघडत नाहीत,
असं सांगू गेले आणि अडले.
आमच्या टोंगनमध्ये
आजाराचं नावच साखर.

मग सोपं सांगितलं.
गोळी जेवणाबरोबर.
अळकुड्या चालतील, मूठभर.
धक्क्यापर्यंत चालत जायचं, चालतच यायचं.
तळवे रोज आरशात बघायचे.

आरसा नाही म्हणाला.
पर्समधला माझा दिला.

महिन्यानं आला, गुळगुळीत गालांनी.
"आणि पाय?"
"तेही बघतो, सिस्टर.
पण आधी दाढी."