मुडी

डॉक्टर म्हणाले, मूठ मिटा.
मिटली.
उघडा. उघडली, थोडी कुरकुरत,
गंजल्या पेटीच्या झाकणासारखी.
त्यांनी लिहिलं : कामास योग्य.

धागा बांधून दाखव, असं कुणी म्हणालंच नाही.

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत, रात्रपाळीला,
पट्टा सुटला आणि उजवा हात आत गेला.
अंगठा राहिला. त्याच्या शेजारचं बोट राहिलं.
फक्त दोघांची ओळख गेली.

आई गाठीला मुडी म्हणायची.
आमच्याकडे उंबऱ्याच्या आत तेलुगू, बाहेर मराठी,
आणि मागाच्या खडखडाटात दोन्ही ऐकू येत नाहीत,
तिथं बोटंच बोलतात.
सातव्या वर्षी तिनं शिकवली :
टोकावर टोक, अंगठ्याखाली दाब,
फिरव, ओढ.
घेतलेला श्वास सोडायच्या आत व्हायला हवी,
आणि चादरीवरून हात फिरवला
तर लागता कामा नये.

कारखान्याच्या डॉक्टरांनी दुसरं ऑपरेशन नाकारलं.
आखडलेपणा वयाचा आहे, अपघाताचा नाही.
वय अठ्ठेचाळीस. अपघात चौदा महिन्यांचा.
शीर जोडायला पुण्याला न्या,
असं सिव्हिलमधल्या बाईंनी लिहून दिलं होतं.
ती चिठ्ठी फायलीत आहे, तिसऱ्या पानाला,
चहाचा डाग पडलेली.
फिजिओथेरपी बारा वेळा मंजूर.
तेराव्या दिवशी बोटांनी काय करायचं
ते लिहिलेलं नाही.

जॉबर येलप्पा साक्षीला येतो म्हणाला होता.
आला नाही. त्याला तीन मुली, आणि तोच कारखाना.
अशोक चौकात भेटला,
तर मीच डावा हात वर केला,
त्याला उजवा बघावा लागू नये म्हणून.

राजमणी विड्या वळते.
हजार विड्या, हजार फेरे दोऱ्याचे.
रात्री तिच्या सुपातला दोरा मी उचलतो,
सातव्या वर्षासारखा.
ती बघत नाही.
न बघणं तिला फार चांगलं जमतं.

परवा तारीख होती.
त्यांचा वकील म्हणाला, मूठ मिटते साहेब, अहवाल आहे.
मी खिशातून दोन धागे काढले,
एक पांढरा, एक लाल, टॉवेलच्या किनारीचे.
वर पंखा चालू.
लाल टेबलाखाली गेला.
वाकलो, सापडला, धरला,
सुटला.
पुन्हा धरला.
किती वेळ गेला, माहीत नाही. कुणीतरी खोकलं.
साहेबांनी चष्मा काढला, पुसला, घातला.
पुढची तारीख सव्वीस.

मग कारकुनानं माझी फाईल मिटली,
नाडी गुंडाळली, आणि एका झटक्यात गाठ मारली,
बोटांकडे न बघता.

सैल होती.
दोनदा उचलली की सुटेल अशी.
सांगणार होतो,
पण पट्टेवाल्यानं पुढचं नाव पुकारलं.