माड क्रमांक एक

सावईवेऱ्याच्या सोसायटीत, खताच्या पोत्यांशेजारी
माझं टेबल.
काम एवढंच: कुणाचे नारळ कधी पाडायचे,
पाडेली आधी कुणाकडे जाईल,
हे पीएचपीत बसवायचं.
गावाला पाडेली उरलेत तीन,
त्यातल्या एकाचा गुडघा धरतो.

खरी यादी सचिवांच्या वहीत, वही कपाटात,
कपाटाची किल्ली सचिवांबरोबर मडगावला.
म्हणून मी माणसं तयार केली.
एक आज्ञा, एक एन्टर,
आणि पाचशे बागायतदार टेबलात येऊन बसले.
कुणी चहा मागितला नाही.

पहिल्या खेपेला सगळे परके निघाले,
फ्लॅट नंबर, सेक्टर, तिसरा क्रॉस रोड.
इथे पत्ता म्हणजे
पाटाच्या वर, फणसाच्या अलीकडे, कुत्रा बांधलेला असतो ते.
मग नावं मीच घातली:
सुलक्षा केरकर, दत्तू बांदिवडेकर, इनासियो फुर्तादो.
आडनावं ओळखीची, नशीब रँडम.
दत्तूला मिळाले उणे चार माड.
इनासियोचा माड दोन हजार फूट उंच,
आणि सुलक्षाबाईंनी नारळ पाडले
माड लावण्याच्या नऊ वर्षं आधी.
मी हसले, मग मर्यादा घातल्या.
खोट्यालाही काहीतरी पाळावं लागतं.

वाटांचं आणखी वेगळं.
'माड/कुठलाही' हा राऊट मी वर लिहिला,
'माड/नवा' त्याच्या खाली.
तर नवा माड नोंदवायला गेलं की
यंत्र 'नवा' नावाचा माड शोधत बसे
आणि सांगे, असा माड नाही.
अर्धा दिवस गेला.
शाणू गावडे पोत्यावर बसून कोयता घासत होता.
म्हणाला, "बारीक वाट आधी दाखवायची.
हमरस्ता कुणालाही गिळतो."
स्क्रीनकडे त्याने पाहिलंही नव्हतं.
मी दोन ओळींची अदलाबदल केली.

शुक्रवारी उशिरा पुन्हा पाचशे पेरले.
विसरले, की चाचणीसाठी एकच नंबर खरा ठेवलाय,
शाणूचा.

शनिवारी सकाळी संदेश गेला:
सुलक्षा केरकर, घर दोनशे बारा, खालचा वाडा, माड एक.

खालच्या वाड्यावर घरं एकशे ऐंशीला संपतात.
तो तरी गेला.
शेवटच्या घरापुढे फुटका गडगा, रान,
रानात एक माड,
वाटेवर वाकलेला, सुक्या झावळ्या लोंबत,
आणि त्याच्याखालून पोरं शाळेत जातात.

दहाला त्याने माझ्या टेबलापाशी अकरा नारळ ओतले.
"बाये, हो माड कोणाचो?"

मी सुलक्षाबाईंची ओळ उघडली.
सगळे रकाने भरलेले,
जन्मतारीख, मोबाईल, पिनकोडसुद्धा.
ओळ पुसली की बाई गेल्या,
पाचशे पुसायलाही एकच एन्टर.
नारळ मात्र अकराच्या अकरा,
एकाचं देठ अजून ओलं.

सोमवारी सचिव आले, वही आली.
तिच्यात तो माड नव्हता.
"कुणाच्या खाती घालायचे?" सचिव म्हणाले.
शाणू म्हणाला, "आधी माड तर घाला."

मी 'माड/नवा' उघडलं.
या वेळी यंत्राने नवा कोण ते विचारलं नाही.
उंची, शाणूने बोटांवर मोजून सांगितली ती.
पत्ता, फुटका गडगा, शाळेची वाट.
मालक हा रकाना सक्तीचा होता.

मी ती अट काढली.